शांतता समिती आणि सखारामदादांची तिरडी

समितीत बसलं की निर्णय निघतोच असं नाही, किस्सा मात्र हमखास निघतो. चहा येईपर्यंत सगळे सभ्य असतात, चहा आला की एकेक जण उघडा पडतो. आमच्या गावच्या सर्वधर्म शांतता समितीत मी पहिल्या दिवसापासून आहे. ठराव किती झाले विचाराल तर मला आठवावं लागेल. किस्से विचाराल तर तुमची शेवटची बस चुकेल.

गाव तुमसर तालुक्यातलं आहे, एवढंच सांगतो. नाव सांगत नाही, मला तिथंच राहायचं आहे.

* * *

आधी मी समितीत कसा शिरलो ते ऐका. माझं बिछायत केंद्र आहे. मंडप, गाद्या, खुर्च्या, स्पीकर. कोणाचं लग्न असो, कोणाची तेरवी असो, विहारात वंदना असो की मंदिरात सप्ताह, माझ्या खुर्च्या सगळ्यांच्या आधी पोचतात आणि सगळ्यांच्या नंतर निघतात. वरून आदेश आला की गावात शांतता समिती करा, प्रत्येक धर्माचा एक माणूस घ्या. मंदिराचे पुजारी महाराज आले, विहारातले भंतेजी आले, मशिदीतले हाफिजजी आले. मंदिराच्या ट्रस्टचे अध्यक्ष दादाजी पाटील न बोलावताच आले. मी खुर्च्या लावून भिंतीला टेकून उभा होतो.

तालुक्याहून आलेल्या साहेबांनी मला विचारलं, "तुम्ही कोणत्या धर्माकडून?"

मी म्हणालो, "साहेब, मी खुर्च्यांकडून."

साहेबांनी मान डोलावली आणि म्हणाले, "बसा." तेव्हापासून मी बसलेलोच आहे.

* * *

पहिल्याच बैठकीत मोठी अडचण आली. गावात भांडणच नव्हतं.

साहेब विचारून विचारून थकले. गणपतीवरून काही? नाही. मशिदीच्या भोंग्यावरून? नाही. निळ्या झेंड्यावरून, भगव्या झेंड्यावरून? नाही साहेब. पाटील पाय पसरून म्हणाले, "आमचं गाव शांत हाये साहेब. इथं कोणी कोणाले काही म्हणत नाही."

साहेब खूश झाले. बैठक संपत आली होती, तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून सखारामदादा उठले. हा माणूस जन्मभर तुमसरच्या राईस मिलमध्ये हमाली करत होता. आता म्हातारा झाला, पाठ वाकली, आवाज काही वाकला नाही. राहतात विहाराकडच्या मोहल्ल्यात, म्हणजे बौद्धांच्या वस्तीत.

"शांतता हाये साहेब," ते म्हणाले. "माह्या बापाची तिरडी चिखलात पडली, तवापासून शांतताच हाये."

मग उभ्या उभ्या सगळं सांगितलं. गावाच्या पलीकडे तलाव आणि तलावाच्या पलीकडे मशानघाट. तलावाच्या पाळीवरून, म्हणजे मातीच्या बांधावरून, सरळ निघालं तर एक बिडी संपायच्या आत घाट येतो. पण पाळीच्या मधोमध मंदिर आहे, आणि मोहल्ल्यातलं प्रेत मंदिरासमोरून न्यायचं नाही, अशी रीत. कोणी लावली ते कोणाला माहीत नाही. म्हणून मोहल्ल्याची तिरडी तलावाला पुरा वळसा घालून धानाच्या बांध्यांतून, म्हणजे भातखाचरांतून जाते. उन्हाळ्यात चालून जातं. रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत गुडघ्याइतका चिखल असतो. सखारामदादांचे वडील रोवणीतच गेले. खांदेकऱ्याचा पाय शेताच्या अरुंद धुऱ्यावरून घसरला आणि प्रेत पालथं चिखलात पडलं. बापाचं तोंड यांनी स्वतःच्या शर्टानं पुसलं.

"मले घरकुल नाही पाहिजे, पेन्शन नाही पाहिजे," ते साहेबांना म्हणाले. "मी मेलो का मले पाळीवरून न्या. सरळ. सगळ्याइले नेता तसं."

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं आणि पाटलांकडे पाहिलं. पाटलांनी पंख्याकडे पाहिलं. मग चहा आला.

* * *

दुसऱ्या बैठकीत पाटलांनी सुरुवातीलाच खुलासा केला. "मी जातपात मानत नाही. माह्या घरी सगळे येतात, सगळे चहा पेतात. हा प्रश्न जातीचा नाही, देवाचा हाये. देवासमोरून प्रेत नेत नाहीत."

मला राहवलं नाही. आम्ही ढीवर, तलावात मासे धरणारं घराणं. मी म्हणालो, "पाटील, माह्या बापाले त पाळीवरूनच नेलं. तुमी सोता हजर होते."

"तुह्या बापाची गोष्ट वेगळी होती," पाटील म्हणाले. "तो गावचा माणूस होता."

"अन् सखारामदादा?"

"तो बी गावचाच हाये. मी कधी नाही म्हणलं?"

सखारामदादा पाटलांकडे पाहत होते, आणि पाटील अगदी मनापासून बोलले होते, हीच तर पंचाईत होती. शेवटी हाफिजजींनी चहात साखर कमी आहे असं सांगितलं आणि विषय बदलला.

* * *

मग ठरलं की धर्मात काय म्हटलंय ते आधी पाहू. पाटीलच म्हणाले, "महाराज, पोथी काढा. पोथीत असंल त असंल, नसंल त नसंल."

आमचे महाराज साधा माणूस. बुटके, तब्येतीनं बारीक, बोलणं हळू. त्यांचं पुजारीपण ट्रस्टच्या हातात, म्हणजे पाटलांच्याच हातात. त्यांनी घरातल्या होत्या नव्हत्या सगळ्या पोथ्या काढल्या, उन्हात घातल्या, वाचल्या. काही भंडाऱ्याहून मागून आणल्या. पुढच्या बैठकीत चष्मा पुसत म्हणाले, "पाटील, पोथीत तलावच नाही, त पाळ कुठून असंल?"

"मंग इतके वर्षं काहून नेलं नाही?"

"नेत नव्हते म्हणून नेलं नाही."

"हेच त मी म्हणून राहिलो," पाटील म्हणाले. "नेत नाहीत."

महाराजांनी चष्मा पुन्हा पुसला. त्या दिवशी त्यांनी तो इतका पुसला की मला काचेची काळजी वाटायला लागली.

* * *

भंतेजींचाही एक किस्सा आहे. भंतेजी तरणे, शिकलेले, नागपूरहून आलेले. त्यांना कोणी विचारलं की तुमचा धम्म काय म्हणतो. ते शांतपणे म्हणाले, "देह अनित्य आहे. मृत्यूनंतर तो कोणत्या मार्गानं नेला यानं काही फरक पडत नाही."

पाटलांचा चेहरा उजळला. "हे घ्या. तुमचेच भंतेजी म्हणून राहिले, फरक नाही पडत."

सखारामदादा तापले. भंतेजींच्या पाया पडणारा माणूस, पण त्या दिवशी हात जोडून ठेवूनच भांडला. "भंतेजी, फरक नाही पडत त दर बारीले आमीच चिखलातून काहून? या लोकाइचा देह पाळीवरून अनित्य होते, अन् आमचा बांधीतूनच काहून होते?"

दिवस रोवणीचे होते. पुढच्या बैठकीला भंतेजी उशिरा आले, आणि आले ते मोहल्ल्यातून बांध्यांच्या वाटेनं घाटापर्यंत चालून आले. अनवाणी. चीवर मांड्यांपर्यंत चिखलानं भरलेलं. तसेच येऊन माझ्या पांढऱ्या कव्हरच्या खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "मी चुकलो. फरक पडतो."

सखारामदादांनी डोळ्यांना रुमाल लावला. पण कव्हरवरचा डाग मात्र तीनदा धुऊनही निघाला नाही, हेही सांगितलं पाहिजे.

* * *

हाफिजजी समितीत फारसं बोलत नसत. गावात मुसलमानांची घरं मोजकी. सायकल दुरुस्तीचं दुकान चालवायचं आणि पाच वेळची अजान द्यायची, एवढंच त्यांचं काम. एकदा पाटलांनाच वाटलं की हा माणूस यात कोणाच्या बाजूचा नाही, याला विचारावं. म्हणाले, "हाफिजजी, तुमी सांगा. तुमच्यात काय करतात?"

हाफिजजी म्हणाले, "हमारा क्या है पाटीलसाहब, जनाज़ा दिखे तो खड़े हो जाते हैं. किसका है, नहीं पूछते."

"मंग आमी बी उभेच राहतो," पाटील म्हणाले. "आमच्यातबी कोणाची बी तिरडी दिसली त माणूस उभा राहते. मी सोता उभा राहतो."

"जी हाँ," हाफिजजी म्हणाले, "लेकिन इनकी तिरडी आपको दिखती कहाँ है? वो तो खेत से जाती है."

पाटील त्या दिवशी चहा न घेता उठले. त्यांचा कप सखारामदादांनी घेतला.

* * *

मध्ये सखारामदादा बिमार पडले. छातीत भरलं आणि पोरानं भंडाऱ्याला नेऊन भरती केलं. डॉक्टरनं सांगितलं, काही सांगता येत नाही. गावात पळापळ झाली. समितीची तातडीची बैठक मी माझ्याच गोदामात घेतली. म्हातारा आज गेला तर उद्या तिरडी कुठून न्यायची, एवढा एकच विषय.

त्या बैठकीत सगळे फार छान बोलले. पाटीलसुद्धा म्हणाले की माणूस चांगला होता. महाराज म्हणाले, होता नाही, हाये. पाटील म्हणाले, तेच ते. शेवटी एकमतानं ठरलं की विषय गंभीर आहे, तेव्हा घाईत निर्णय नको, सखारामदादांच्या तब्येतीसाठी सगळ्यांनी आपापल्या धर्माप्रमाणे प्रार्थना करावी. मंदिरात आरती झाली, विहारात परित्राणपाठ झाला, मशिदीत दुआ झाली. पाटलांनी आरतीला स्वतः घंटा वाजवली.

आठवड्याभरात म्हातारा घरी. मी भेटायला गेलो तर खाटेवर बसून पेज पीत होते.

"प्रभाकर, निर्णय झाला का?"

"नाही झाला दादा."

"मले वाटलंच," ते म्हणाले. "म्हणून आलो वापस."

* * *

तेवढ्यात जुने साहेब बदलून गेले आणि नवे आले. नवे साहेब तडफदार. त्यांनी पहिल्याच दिवशी दोन उपाय आणले.

पहिला उपाय असा की मोहल्ल्याच्या मागे वेगळा घाट बांधून देऊ. टिनाचं शेड, पाण्याची टाकी, बसायला सिमेंटचे बाक. पाटलांनी लगेच टाळ्या वाजवल्या. आणि तेव्हा आमचे महाराज, ज्यांचा आवाज आरतीशिवाय कोणी ऐकला नव्हता, ते उभे राहिले.

"साहेब, खाली दोन घाट केले त वर बी दोन दरवाजे करा लागतील," ते म्हणाले. "त्याचा फंड कोणत्या खात्यातून येते?"

साहेबांनी शेजारच्या कारकुनाकडे पाहिलं. कारकुनानं खरंच थोडा विचार केला.

पाटील महाराजांकडे बघतच राहिले. त्या रात्री महाराजांच्या बायकोनं आमच्या घरी येऊन विचारलं की कुठं पुजाऱ्याची जागा असली तर सांगा. मी म्हणालो, वहिनी, अजून काही झालं नाही. ती म्हणाली, "तुम्ही त्यायले ओळखत नाही, आता ते थांबणार नाहीत."

दुसरा उपाय होता बंदोबस्त. साहेब सखारामदादांना म्हणाले, "कायदा तुमच्या बाजूनं आहे. वेळ आली की कळवा. मी पोलीस पाठवतो. कोण अडवतं ते बघू."

मोहल्ल्यातली पोरं एकदम तयार झाली. सखारामदादा मात्र मान हलवत राहिले.

"बंदोबस्तात चोराले नेतात साहेब," ते म्हणाले. "मले गावातून जायचं हाये. पोलीस दोन्हीकडं उभे करून मी काय गावातून गेलो?"

साहेब म्हणाले, "मग तुम्हाला नेमकं पाहिजे तरी काय?"

"लोक उभे पाहिजेत," सखारामदादा म्हणाले. "काठ्या नाही."

* * *

आता शेवटचा. हा मी सहसा सांगत नाही, कारण ऐकणाऱ्याला मी रंगवून सांगतो असं वाटतं.

रोवण्या आटोपल्या होत्या, पोळा व्हायचा होता. बैठकीत पुन्हा तोच विषय, पुन्हा तोच चहा. सखारामदादा उठले आणि म्हणाले, "मी एक विचार केला. मी मेल्यावर तुमी मले कुठून नेलं, मले काय दिसते? मले डेमो पाहिजे."

"कायचा डेमो?" पाटलांनी विचारलं.

"मिलमध्ये नवी मशीन आली का कंपनीवाला आधी चालवून दाखवते. तसं. मी तिरडीवर झोपतो, समितीनं मले पाळीवरून नेऊन दाखवावं. समिती हाये ना सर्वधर्म? मंग चार खांदे त हायेतच."

पाटील म्हणाले, "देवासमोरून प्रेत नेत नाहीत, कितीदा सांगू?"

"प्रेत कुठं हाये?" सखारामदादा म्हणाले. "मी जिता हाओ."

पाटलांनी महाराजांकडे पाहिलं. महाराज म्हणाले, "जित्या माणसाले मंदिरासमोरून न्यायची मनाई नाही, पाटील. रोजचेच लोक जातात."

ठरलं. पण जित्या माणसासाठी तिरडी बांधायला गावात कोणी तयार होईना, अपशकुन नको म्हणून. सखारामदादांनी स्वतःच बांबू तोडून आणले आणि स्वतःच बांधली. मोहल्ल्यातल्या सगळ्या तिरड्या आजवर त्यांनीच बांधलेल्या. मी माझी एक गादी टाकली, म्हाताऱ्याची पाठ दुखते म्हणून. पांढरा सदरा घालून ते आडवे झाले, एकदा उठून उशी सरळ केली, पुन्हा आडवे झाले आणि म्हणाले, "उचला."

पुढं उजवीकडे मी, डावीकडे महाराज. मागं हाफिजजी आणि भंतेजी. मोहल्ला पूर्ण मागं. पाळीला लागलो आणि लक्षात आलं की आम्ही उंचीचा विचारच केला नव्हता. मी उंच, महाराज बुटके. तिरडी डावीकडे, म्हणजे तलावाकडे कलायला लागली. वरून सखारामदादा शांतपणे म्हणाले, "महाराज, वर धरा जरा." महाराज चवड्यांवर चालायला लागले.

मंदिराशी आलो. पायरीवर पाटील हाताची घडी घालून उभे. तिरडी दिसली की मंदिराचं दार लावायचं काम महाराजांचं, आणि महाराज तर तिरडीखाली. दार सताड उघडं. पाटील म्हणाले, "महाराज, दार." महाराज मान वर न करता म्हणाले, "हात रिकामा नाही, पाटील."

आणि तिथंच महाराजांचा पाय मुरगळला. ते खाली बसले. तिरडी एकदम तलावाकडे झुकली, गादी घसरली, मागून बायका ओरडल्या.

"पाटील," सखारामदादा म्हणाले, "धरा."

पाटलांनी धरलं. विचार करून धरलं असं मी म्हणणार नाही. माणूस पडताना दिसला, हात गेला, आणि बांबू खांद्यावर बसला. मग मात्र त्यांना कळलं की आपण कुठं उभे आहोत. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. तोंड लालबुंद झालं होतं.

"खाली ठेवा," ते म्हणाले.

महाराज पायरीवर पाय चोळत बसले होते. तिथून म्हणाले, "वाटेत मधात ठेवता येत नाही पाटील. एकदा खांद्यावर घेतली का विसाव्याच्या दगडावरच टेकवा लागते."

हे पाटलांनाही माहीत होतं. रीत पाळणारा माणूस. विसाव्याचा दगड पाळीच्या पार टोकाला, घाटाजवळ. ते चालायला लागले. पाळीखाली गावातले लोक बघत उभे होते. तिरडी पुढं आली तसे सवयीनं एकेकाचे हात जोडले गेले, कोणी टोपी काढली. तिरडीवरून सखारामदादांनीही झोपल्या झोपल्या सगळ्यांना हात जोडले.

दगडावर तिरडी टेकवली. सखारामदादा उठून बसले. महाराज लंगडत लंगडत आले. पाटील धापा टाकत होते, त्यांनी पहिला प्रश्न महाराजांनाच विचारला, "आता आंघोळ लागते का?"

महाराजांनी सखारामदादांकडे नीट पाहिलं. म्हणाले, "जिता हाये, पाटील. जित्या माणसाची नाही लागत."

भंतेजींनी पाणी दिलं. सखारामदादा प्याले, आणि बराच वेळ मागं वळून पाळीकडे बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते त्यांनी पुसलंही नाही. मग म्हणाले, "चांगलं दिसते इथून. वापस बी इकडूनच चला."

पुन्हा आडवे व्हायच्या आधी त्यांना काहीतरी आठवलं.

"पाटील, महाराजाची उंची कमी पडते. तुमची अन् प्रभाकरची बरोबर बसते. खऱ्या बारीले डावीकडून तुमीच या."

पाटलांनी दुपट्ट्यानं मान पुसली. पाळीकडे पाहिलं, मंदिराच्या उघड्या दाराकडे पाहिलं. मग बांबूखाली खांदा लावत म्हणाले, "खरी बारी पावसाळ्यात नको ठेवजो. पाळीवर पाय घसरते."